परदेशी टीमकडून सायकल रेस करायला जाताना: लायसन्स, व्हिसा आणि पत्त्याची कागदपत्रं

परदेशातल्या टीमचं करारपत्र हातात पडलं की बहुतेक रायडर आधी व्हिसाच्या आणि सायकलच्या पेटीच्या मागे लागतात. त्याआधी एक प्रश्न सोडवा: येत्या वर्षाचं लायसन्स कोणत्या देशाच्या महासंघाकडून घ्यायचं?

यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमात लायसन्स नागरिकत्वावर मिळत नाही. अर्ज करताना कायद्याने तुमचं मुख्य वास्तव्य ज्या देशात असेल, त्या देशाचा राष्ट्रीय महासंघ ते देतो. मुदत १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. एका वेळी एकच लायसन्स ठेवता येतं, आणि वर्षाच्या मध्यात बिऱ्हाड हलवलं तरी मुदत संपेपर्यंत तुम्ही जुन्याच महासंघाचे असता. त्यामुळे फेब्रुवारीत निघणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: जुन्याच महासंघाचं लायसन्स नव्या वर्षासाठी काढून न्या आणि नव्या देशाचा विचार पुढच्या जानेवारीसाठी करा. महासंघ बदलताना अनेक ठिकाणी आधीच्या महासंघाचं ना-हरकत पत्र मागतात, तेही वेळेत घेऊन ठेवा.

लायसन्स दुसऱ्या देशाचं झालं म्हणून देश बदलत नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आणि राष्ट्रीय संघातली निवड नागरिकत्वावरच ठरते. या एका भीतीपोटी रायडर महिनोन्‌महिने अर्ज अडवून धरतात, म्हणून मुद्दाम सांगतो. तुमचा ११ अंकी यूसीआय आयडीही तोच राहतो. नव्या महासंघाच्या फॉर्ममध्ये जुना आयडी आवर्जून लिहा.

करारात काय मिळेल हे टीमच्या दर्जावर बरंच अवलंबून असतं. वर्ल्डटीम (सर्वोच्च दर्जा) आणि प्रोटीमच्या (त्याखालचा दर्जा) रायडरसाठी ठरलेला नमुना करार आणि किमान वेतन आहे. महिलांच्या वर्ल्डटीमसाठी किमान वेतन २०२० पासून आलं. त्याखालच्या दर्जाच्या कॉन्टिनेंटल टीमची नोंदणी राष्ट्रीय महासंघामार्फत होते आणि तिथे यूसीआयने ठरवलेलं किमान वेतन नाही. काही टीम सायकल, कपडे, राहायची खोली आणि बक्षिसातला वाटा एवढंच देतात. हौसेने असा करार करण्यात गैर काही नाही, पण व्हिसा अधिकाऱ्याला त्या कागदावर पगाराचा आकडा दिसत नाही, आणि अर्ज अडतो तो तिथेच. म्हणून सही करण्यापूर्वी करारात चार गोष्टी लिहून घ्या: सुरुवातीची आणि शेवटची तारीख, दरमहा मिळणारी रक्कम, राहण्याचा पूर्ण पत्ता, आणि अपघात झाला तर उपचार व घरी परत पाठवण्याचा खर्च कोण करणार. साध्या क्लबकडून जाणार असाल तर आणखी एक कागद लागतो. यूसीआयकडे नोंदणी नसलेल्या टीमच्या रायडरला परदेशातल्या रेससाठी आपल्या महासंघाचं लेखी परवानगीपत्र लागतं. त्यावर तुमचं नाव आणि पत्र कोणत्या तारखांपर्यंत चालेल, हे दोन्ही असलं पाहिजे.

व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे. युरोपातल्या शेंगेन देशांपुरतं (एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) सांगायचं तर अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो, आणि दिवस सगळ्या शेंगेन देशांचे मिळून मोजले जातात. बेल्जियमची रेस करून स्पेनच्या कॅम्पला गेलात तरी मोजणी चालूच. पूर्ण सीझन तिथे काढायचा असेल तर त्या देशाचा दीर्घमुदतीचा व्हिसा आणि बहुतेक वेळा कामाचा परवाना लागतो. पगार घेऊन पर्यटक व्हिसावर रेस करू नका, टीमने ‘सगळे असंच करतात’ म्हटलं तरी.

सोबत पासपोर्ट, सही केलेला करार, टीमच्या नोंदणीचं पत्र, जन्मदाखला, पोलीस पडताळणीचा दाखला, विमा, बँकेचं विवरण आणि राहण्याचा पुरावा तयार ठेवा. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत जन्मदाखल्यासारख्या कागदांवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात मानलं जावं यासाठीचा सरकारी शिक्का मागतात. मान्यताप्राप्त भाषांतरही लागू शकतं. पोलीस दाखला फार लवकर काढू नका, व्हिसाची तारीख येईपर्यंत तो जुना ठरतो. सायकलसाठी फ्रेम नंबर लिहिलेलं बिल जवळ ठेवा, कस्टमवाले पेटी उघडायला लावतात. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या असतात.

उत्तेजकविरोधी नियमांकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि नुकसान सगळ्यात मोठं होतं. एखाद्या औषधासाठी वैद्यकीय सूट मिळाली असेल, तरी आपल्या देशाने दिलेली सूट आंतरराष्ट्रीय पातळीवर आपोआप चालत नाही. ती मान्य करून घ्यावी लागते. नव्या देशात ओळखीच्या नावाचं औषधही पुन्हा तपासा. ब्रिटिश स्कीपटू अ‍ॅलन बॅक्स्टर याने २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये मिळवलेलं कांस्यपदक अशाच एका इनहेलरमुळे गेलं. घरी तो जो वापरायचा त्याच नावाच्या अमेरिकी इनहेलरमध्ये बंदी असलेला घटक होता. ट्रामाडोल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून सगळ्याच खेळांत स्पर्धेदरम्यान बंद आहे.

नोंदणीकृत चाचणी गटात (ज्यांची न सांगता कधीही उत्तेजक चाचणी होऊ शकते असे खेळाडू) असाल तर दर तिमाहीला ‘अ‍ॅडॅम्स’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या ऑनलाइन प्रणालीत प्रत्येक रात्रीचा मुक्काम भरायचा, शिवाय रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला ६० मिनिटांचा एक अवधी आणि त्या वेळचं ठिकाण द्यायचं. त्या तासात तिथे सापडलंच पाहिजे. १२ महिन्यांत अशा तीन चुका झाल्या की दोन वर्षांपर्यंत बंदी येते, नमुना शुद्ध असला तरी.

माझ्या पहिल्या सीझनला आम्ही पाच जण टीमच्या घरात राहायचो. बेलच्या पाटीवर आदल्या वर्षीच्या रायडरची नावं तशीच होती. खोलीतल्या सोबत्याने सकाळी ६ ते ७ ही वेळ दिली होती. आम्ही मागच्या खोलीत झोपलेलो, बेल पुढच्या दाराला, आणि तीही भलत्याच मजल्यावर वाजली. चाचणी घ्यायला आलेले अधिकारी तासभर थांबून गेले. त्याची पहिली चूक नोंदली गेली. तेव्हापासून घर बदललं की मी बॅगा उघडण्याआधी खाली जातो, पाटीवर नाव चिकटवतो, कोणाला तरी बेल दाबायला सांगतो आणि झोपायच्या खोलीत ती ऐकू येते का ते पाहतो. फॉर्ममध्ये मजला, कोणतं दार, फाटकाचा कोड, सगळं लिहितो.