प्राचीन अत्तराचा ‘तोच’ सुगंध: एक खुलासा

प्राचीन इजिप्तमधील अत्तराच्या कुपीतील अवशेष यंत्रात तपासले की दोन हजार वर्षांपूर्वीचा सुगंध जसाच्या तसा परत मिळतो, असा समज आहे. गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीने अवशेषांतील रेणू वेगळे करून ओळखता येतात, हे खरे; परंतु सुगंध देणारे बहुतेक हलके रेणू केव्हाच उडून गेलेले असतात आणि मागे प्रामुख्याने राळेचे व तेलाचे जड, विघटित घटक उरतात. मेंडेस या प्राचीन इजिप्शियन शहरातील प्रसिद्ध अत्तरात हिराबोळ, राळ आणि कॅसिया (दालचिनीसारखी सुगंधी साल) असल्याचे ग्रीक नोंदींतून कळते. तेल नेमके कोणत्या बियांचे, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. म्हणून अशी पुनर्निर्मिती हा अभ्यासपूर्ण, आणि माझ्या मते मौल्यवान, अंदाज असतो. दावा पडताळताना कोणता घटक अवशेषांत सापडला आणि कोणता ग्रंथातून घेतला, हे मूळ शोधनिबंधात पाहावे.