अर्लीकॉन की कन्सोल? लिनक्स बूट होताना सीरियल कुठे गप्प होतं

कर्नल चढवणारा यू-बूट हा बूटलोडर सीरियल तारेवर व्यवस्थित बोलतो, ‘स्टार्टिंग कर्नल’ ही ओळ येते आणि पुढे काहीच नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळला असं आपण धरून चालतो. पण पुष्कळदा तो आत नीट चालू असतो, फक्त त्याचा आवाज तारेपर्यंत पोचत नाही. नक्की काय झालंय हे कळायला सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या कमांडलाइनवरचे दोन शब्द वेगळे ओळखता आले पाहिजेत: ‘कन्सोल’ आणि ‘अर्लीकॉन’.

‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ लिहिलं की आपण कर्नलला संदेश ज्यावर पाठवायचे त्या पोर्टचं नाव आणि वेग सांगतो. त्या पोर्टचा ड्रायव्हर बूट बराच पुढे सरकल्यावर जागा होतो. तोवरचे संदेश प्रिंटके या कर्नलच्या संदेश छापणाऱ्या फंक्शनच्या रिंग बफरमध्ये, म्हणजे मेमरीत, साठतात आणि ड्रायव्हरची नोंदणी झाली की भडाभडा बाहेर पडतात. फसगत होते ती इथे. पहिल्याच ओळीवर ०.०००००० अशी वेळ दिसते, म्हणून कन्सोल पहिल्या क्षणापासून चालू होता असं वाटतं. तसं नसतं. नोंदणीआधीच पॅनिक झाला, म्हणजे कर्नल सावरता न येणाऱ्या चुकीने थांबला, तर सगळं मेमरीतच राहतं आणि तारेवर एक अक्षरही येत नाही.

अर्लीकॉनला तो ड्रायव्हर लागतच नाही. तो यूएआरटीच्या (सीरियल पोर्ट चालवणाऱ्या हार्डवेअरच्या) रजिस्टरमध्ये थेट एकेक अक्षर टाकतो आणि ते बाहेर गेलं का हे पाहत थांबतो. हळू आहे, पण भरवशाचं. डिव्हाइस ट्री (कर्नलला बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन देणारी रचना) असलेल्या एआरएम बोर्डवर नुसतं ‘अर्लीकॉन’ लिहिलं तरी ‘चोझन’ नोडमधल्या ‘एसटीडीआउट-पाथ’वरून त्याला पोर्ट सापडतो. ती नोंद नसेल तर यूएआरटीचा प्रकार आणि पत्ता आपण द्यायचा. पत्ता चुकला तर मात्र हाही मुका.

माझ्या मते खरी गंमत हस्तांतरणात आहे. खरा कन्सोल आला की कर्नल अर्लीकॉनला रजा देतो आणि तशी ‘बूटकन्सोल डिसेबल्ड’ अशी ओळ छापतो. कमांडलाइनवर फक्त ‘कन्सोल=टीटीवाय०’ असेल, तर खरा कन्सोल म्हणजे मॉनिटर ठरतो. मग सीरियलवर ही शेवटची ओळ येते आणि शांतता. हा क्रॅश नव्हे! सीरियलचा ‘कन्सोल=’ जोडा. दोन्ही ठेवता येतात, संदेश दोन्हीकडे जातात; फक्त जो शेवटी लिहिला तोच ‘/डेव्ह/कन्सोल’, म्हणजे प्रोग्रॅमसाठीचा मुख्य कन्सोल, होतो. शंका उरली तर ‘कीप_बूटकॉन’ लावून पाहा. त्याने अर्लीकॉन बंद होत नाही, आणि ओळी दोनदोनदा दिसू लागल्या तर दोन्ही मार्ग चालू आहेत हे लगेच कळतं.

नावाची चूकही नेहमीची. रास्पबेरी पाय ३ वर पीएल०११ हा चांगला यूएआरटी मुळात ब्लूटूथला जोडलेला असतो आणि जीपीआयओ १४-१५ या पिनांवर मिनी यूएआरटी येतो. आधीच्या पायसाठी लिहिलेलं ‘टीटीवायएएमए०’ इथे जसंच्या तसं उचललं तर शब्द भलत्याच पोर्टकडे जातात. इथे ‘टीटीवायएस०’ हवं, किंवा ‘सीरियल०’ लिहून योग्य नाव भरायचं काम फर्मवेअरवर सोडावं. शिवाय मिनी यूएआरटीचा बॉड रेट (तारेवरचा वेग) कोअर क्लॉकवर अवलंबून असतो, म्हणून ‘कॉन्फिग.टीएक्सटी’त ‘एनेबल_यूएआरटी=१’ हवंच. शांततेऐवजी कचरा अक्षरं येत असतील, तर पत्ता आणि नाव सोडा, आधी बॉड रेट तपासा.

तपासताना कमांडलाइनवरचं ‘क्वायट’ काढून टाका, नाहीतर बहुतेक ओळी गाळल्याच जातात. आणि कर्नलचे संदेश शेवटपर्यंत येऊनही लॉगिन दिसत नसेल, तर अर्लीकॉन आणि कन्सोल या दोघांचाही दोष नाही. त्या पोर्टवर गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम) चालू आहे का ते बघा.