उकाड्यात थंडी वाजते ती का?

गेल्या जुलैत भाताचा तरवा काढता काढता आमच्या शेजारच्या काकांना हुडहुडी भरली. बाहेर चिकचिकीत उकाडा, कपाळ तापलेलं, हातपाय मात्र गार, आणि काका पडवीत दोन गोधड्या घेऊन कुडकुडतायत. थर्मामीटरवर १०१. एक पॅरासिटॅमॉल दिली. मग काकूंनी काकांवरून नारळ उतरवून तिठ्यावर टाकला. तासाभरात दरदरून घाम फुटला, ताप उतरला, आणि श्रेय नारळाला गेलं. गोळीचं नावही कोणी काढलं नाही!

अंग तापलेलं असताना थंडी वाजण्यामागे प्रोस्टाग्लॅंडिन ई-२ हा रेणू असतो. प्रोस्टाग्लॅंडिन हे नाव १९३५ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दिलं. हा पदार्थ प्रोस्टेट ग्रंथीतून येतो, असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात शरीरातल्या बहुतेक पेशी प्रोस्टाग्लॅंडिनं बनवतात.

बनण्याची तऱ्हा मला फार आवडते. पेशीच्या पातळ आवरणात अरॅकिडोनिक आम्ल असतं, २० कार्बन अणूंची लांबलचक साखळी. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी इशाऱ्याची रसायनं सोडतात आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कॉक्स-२ हे विकर (एन्झाइम) तयार होतं. त्याच्या पोटात एक अरुंद बोगदा असतो. साखळी त्यात शिरते, तिला ऑक्सिजनचे दोन रेणू चिकटतात, आणि ती केसात खोचायच्या आकड्यासारखी दुमडून मधोमध पाच कार्बनचं कडं बनतं. आणखी एका विकराचा हात फिरला की ई-२ तयार. हा बोगदा अ‍ॅस्पिरिन बंद करते. अ‍ॅस्पिरिनमुळे प्रोस्टाग्लॅंडिनं बनणं थांबतं, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं.

ई-२ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या ईपी-३ या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतं आणि शरीराचं ‘योग्य तापमान’ वर सरकवतं. समजा ते १०३ वर गेलं. मग १०१ तापलेले काका मेंदूच्या हिशेबाने दोन अंशांनी गारठलेले! कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार. स्नायू थरथरतात, उष्णता तयार होते. गोळीने मेंदूतलं ई-२ घटलं की आकडा खाली येतो, आता तेच अंग जास्त गरम ठरतं आणि घाम सुटतो. हिवतापासारखे काही ताप गोळीशिवायही चढत-उतरत राहतात. नारळाची पत टिकून आहे ती त्यांच्यामुळे.

ई-२ नुसता ताप आणत नाही. जठराचं आतलं अस्तर आम्लापासून राखणारा बुळबुळीत थर त्याच्याच जिवावर टिकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जळजळतं ते याचमुळे. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडच्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवायलाही प्रोस्टाग्लॅंडिनंच लागतात. दिवसभर चिखलात उभं राहिलेल्याचा ताप लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) असू शकतो, आणि लेप्टो मूत्रपिंडावर उठतो. अशा वेळी अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये. काकांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हीव भरलं, तेव्हा काकू दुसरा नारळ सोलत होत्या आणि आम्ही रक्त तपासायला रिक्षा बोलावत होतो.