पहाटे चारचा नाश्ता: वसंतातल्या स्की-भटकंतीचं वेळापत्रक आलं कुठून?

स्वित्झर्लंडमधल्या आरोला गावाच्या वर, 3,160 मीटरवर, एका अरुंद कड्याला चिकटून व्हिन्येत नावाची हट, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाचं घर, आहे. एप्रिलमध्ये तिथे मुक्कामाला गेलात की रात्रीच्या जेवणाच्या सुमारास एक विषय निघतोच: उद्या नाश्ता किती वाजता? पाच म्हणणारे बरेच असतात, चार म्हणणारेही असतात. सगळी माणसं सुट्टीवर आलेली. लिफ्ट पकडायची नाही, गाडी चुकायची नाही. तरी एवढी घाई, कारण दुपारी हाच डोंगर वेगळा असतो. सकाळी ज्या उतारावर स्कीची कडाही नीट रुतत नाही, त्याच उतारावर बारानंतर गुडघाभर चिखलासारखा बर्फ होतो आणि तो जागेवर राहील याची खात्री देता येत नाही.

आपल्याकडे वैशाखात गड चढणारे उन्हाच्या आधी माथा गाठतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की सह्याद्रीत ऊन माणसाला तापवतं, इथे ते वाटेलाच तापवतं.

हे वेळापत्रक आज इतकं अंगवळणी पडलंय की ते पहिल्यापासून असंच असणार असं वाटतं. पण शामोनी ते झेरमाट ही आल्प्समधली सर्वांत नावाजलेली स्की-वाट, ‘ओत रूत’ म्हणजे उंचावरून जाणारी वाट, घ्या. 1860 च्या दशकात ब्रिटिश गिर्यारोहकांनी ती जोडली ती उन्हाळ्यात, पायी. स्की घेऊन तिच्यावर पहिल्यांदा निघाले शामोनीचे डॉक्टर मिशेल पायो आणि त्यांचे वाटाडे, 1903 च्या जानेवारीत. 1911 मध्ये रोजे आणि मार्सेल कुर्झ यांनी बूर-सें-प्येरपासून झेरमाटपर्यंतचा टप्पा स्कीवर पार केला, तोही जानेवारीतच. स्की हे हिवाळ्याचं वाहन, मग जायचं हिवाळ्यात, असा सरळ हिशेब. दिवस लहान, थंडी हाडं फोडणारी, आणि हिमनदीवरच्या भेगांवर बर्फाचं झाकण अजून पातळ, या अडचणी त्यात गृहीतच धरलेल्या.

वसंताची बाजू आग्रहाने मांडणाऱ्यांत आर्नल्ड लन हे नाव ठळक. हा ब्रिटिश गृहस्थ जन्मला मद्रासला, 1888 मध्ये. रमला मात्र आल्प्समध्ये. 1917 च्या जूनमध्ये, हो, जूनमध्ये, तो वाटाड्या जोसेफ क्नूबेलबरोबर 4,545 मीटरच्या डोम शिखरावर स्कीच्या साहाय्याने चढला. उंच हिमनद्यांचा खरा मोसम हिवाळा सरल्यावर सुरू होतो, हे त्याचं म्हणणं. हिवाळाभर साचलेल्या बर्फाने तोवर भेगांवर जाड पूल बांधलेले असतात, दिवस मोठा झालेला असतो, आणि बर्फाचा स्वभाव पालटलेला असतो. आज ओत रूतवरच्या हट साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत स्कीवाल्यांसाठी उघड्या असतात. पायो जानेवारीत निघाले होते, हे त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

हा ‘स्वभाव’ जवळून बघण्यासारखा आहे. मराठीत आपण फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फच म्हणतो आणि आभाळातून पडणाऱ्या कापसालाही. आल्प्समध्ये या एका वस्तूला बोलीत डझनभर नावं. वसंतातल्या दाणेदार बर्फाला जर्मन बोलणारे स्कीवाले ‘फिर्न’ म्हणतात; मूळ अर्थ गेल्या वर्षीचं, जुनं. इंग्रजीत त्याला मक्याच्या दाण्याची उपमा. फ्रेंच माणूस खूश असेल तर ‘मोकेत’ म्हणतो, म्हणजे गालिचा, आणि तासभर उशीर झाला असेल तर ‘सूप’.

हातात घेतलात तर हा बर्फ भरड साखरेसारखा लागतो. दिवसा उन्हाने कणांच्या कडा वितळतात, पाणी कणांच्या मध्ये शिरतं. रात्री ते गोठतं आणि कण एकमेकांना डकवले जातात. रोज वितळणं, रोज गोठणं. काही दिवसांच्या या रगड्यातून लहान कण नाहीसे होतात, मोठे गोल होत जातात. सकाळी वरचा थर सिमेंटसारखा कडक. मग वरचे दोन-तीन सेंटीमीटर तेवढे मऊ होतात आणि खाली भक्कम पाया राहतो. ती वेळ गाठायची. पूर्वेकडचे उतार आधी पिकतात, मग दक्षिणेकडचे, पश्चिमेकडचे दुपारकडे. उत्तरेकडचे आपल्याच तंद्रीत असतात, तिथे एप्रिलमध्येही हिवाळी भुकटी आणि हिवाळी धोके सापडतात.

या सगळ्यात निर्णायक असते ती रात्र. नवख्यांची इथेच फसगत होते, कारण ते थर्मामीटर बघतात. बर्फ आपली उष्णता आभाळाकडे फेकत असतो. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. म्हणजे हवा शून्याच्या दोन अंश वर असूनही चांदण्यांच्या रात्री पक्कं कवच धरतं, आणि ढगांची गोधडी पांघरलेल्या रात्री हवा शून्याच्या आसपास असूनही ते धरत नाही. कवच धरलं की मात्र सकाळची मुदत मिळते. एक किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापतं. ती उष्णता पुरवायला सूर्याला वेळ लागतो. त्या उसन्या तासांवर सगळी सहल उभी असते.

म्हणून पहाटे हटच्या दाराबाहेर आलेला जाणता माणूस आधी काठी उलटी करून बर्फात दाबून बघतो. टणक आवाज आला तर निघायचं. काठी सहज आत रुतली तर परत आत, दुसरा चहा.

ही जाण मात्र स्कीवाल्यांच्या हौसेतून आलेली नाही, याची मला नेहमी गंमत वाटते. तिचा मोठा वाटा सैनिक, रेल्वे, धरणं आणि जंगलखातं यांचा. योहान कोआझ हा स्विस वन-अधिकारी. त्याने 1881 मध्ये स्विस आल्प्समधल्या हिमस्खलनांवर ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य आल्प्सच्या माथ्यांवर समोरासमोर बसलं. 13 डिसेंबर 1916 ला मार्मोलाडा डोंगरावरच्या ऑस्ट्रियन तळावर बर्फ कोसळला आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. तळाच्या कप्तानाने जागा बदलायची परवानगी आधीच मागितली होती. वरून नकार आला होता. आधी बरेच दिवस जोरदार हिमवर्षाव, मग अचानक उबारा: हिमस्खलनाचा इशारा देणाऱ्या आजच्या कुठल्याही पत्रकात तांबड्या रंगात छापलं जाईल असं हवामान.

मग 1931 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हिम आणि हिमस्खलन संशोधनासाठी आयोग नेमला गेला. दाव्होसजवळच्या वाइसफ्लूयोखला डोंगरी रेल्वे नुकतीच पोचली होती, त्यामुळे संशोधकांना तिथे हिवाळाभर राहता येणार होतं. 1936 मध्ये लाकडी बराकीतून काम सुरू झालं. सुमारे 2,540 मीटरवरच्या त्या पट्ट्यात बर्फाची मोजणी आजही चालू आहे. खड्डा खणायचा, थर मोजायचे, कण भिंगाखाली बघायचे. हिवाळी बर्फाच्या तळाशी साखरेसारखा सुटा थर कसा तयार होतो आणि वरचं सगळं ओझं त्यावरून कसं घसरतं, हे अशा खड्ड्यांतून उलगडत गेलं. हिमस्खलनाचं पत्रक युद्धकाळात लष्कर काढत असे. 1945 पासून ते दाव्होसच्या संस्थेकडे आलं. 1950-51 च्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी 98 बळी घेतले आणि मग अडथळे, जंगलं, धोक्याचे नकाशे यांवर मनापासून पैसा खर्च होऊ लागला. आपल्याकडेही मनालीला 1969 मध्ये अशी संस्था निघाली ती संरक्षण संशोधनाच्या छत्राखाली, कारण प्रश्न उंचावरच्या चौक्यांचा आणि रस्त्यांचा होता.

1993 मध्ये युरोपातल्या देशांनी धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी मान्य केली. त्याआधी सीमा ओलांडली की आकड्याचा अर्थ बदलायचा, आणि ओत रूत तर फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये जाते! वसंतात मात्र दिवसाला एक आकडा पुरत नाही. सकाळी धोक्याची पायरी एक, दुपारी तीन असा प्रकार असतो, म्हणून पत्रकात ओल्या हिमस्खलनांचा धोका दिवसभरात कसा वाढेल ते वेगळं सांगतात. ताजं पत्रक सकाळी आठला येतं तेव्हा वसंतातला स्कीवाला निम्मी चढण संपवून बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या कामाचं पत्रक आदल्या संध्याकाळी पाचचं. जोडीला तो हवेचं तापमान किती मीटर उंचीवर शून्य अंशाला येणार ते बघतो, आणि रात्रीच्या ढगांचा अंदाज. सगळ्यांत सांभाळायचे ते मोसमातले पहिले खरे उबदार दिवस, जेव्हा पाणी हिवाळी थरांत पहिल्यांदाच झिरपतं आणि तळाचा कमजोर थर भिजतो. एकदा सगळा साठा भिजून, निचरा होऊन, रोज रात्री गोठू लागला की तो पुष्कळ वागायला बरा होतो.

पण वेळापत्रक सगळंच सांभाळत नाही. 2018 च्या एप्रिलअखेर ओत रूतवरच्या पिन्य दारोला शिखराच्या परिसरात 14 जण वादळात सापडले. रात्र उघड्यावर काढावी लागली आणि त्यांतले सात जण दगावले. घात हिमस्खलनाने केला नाही. वारा, धुकं आणि थंडीने केला. व्हिन्येतची हट तिथून काहीशे मीटरवर होती. बर्फाचा अभ्यास करणारी मंडळी अशा वेळी जरा गप्प होतात, कारण इथे थर, कण, कवच यांतलं काहीच कामाचं नव्हतं. दुपारचं वादळ अंदाजात असेल तर पहाटे कितीही लवकर उठलात तरी ती सहल त्या दिवसाची नाही.

अलीकडे आणखी एक हिशेब चुकू लागलाय. हिमनद्या खचल्यामुळे खिंडींच्या खालच्या टप्प्यात बर्फाऐवजी सुटे दगड लागतात. पा द शेव्रसारख्या खिंडीत शिड्या आहेतच. आणि एप्रिलमध्येच शून्य अंश तीन हजार मीटरच्या वर जाऊन बसला, रात्री ढग राहिले, की कवच धरतच नाही. अशा आठवड्यात हटमधल्या टेबलावर नाश्त्याची वेळ चारवरून तीनवर आणण्याचा पर्याय निघतो. जुने वाटाडे त्यावर बाहेर जाऊन आभाळ बघून येतात आणि चांदण्या दिसल्या नाहीत तर गजर बंद करून झोपतात.