नॉर्थ कॅरोलायनातलं काउंटी एक्स्टेन्शन ऑफिस: क्लासेस कोणाला मिळतात, अर्ज कसा करायचा, कागदपत्रं काय लागतात

कॅरी-मॉरिसव्हिलमधून चॅटम, जॉन्स्टन अशा काउंटीत राहायला गेलेल्या मराठी घरांची संख्या वाढतेय, थोडी जमीन मिळते, मागे भाज्या लावता येतात म्हणून. पण तिथे गेल्यावर जे ऑफिस सगळ्यात आधी माहीत असायला हवं ते काउंटीचं एक्स्टेन्शन ऑफिस बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी वाटतं की ते फक्त मोठ्या शेतकऱ्यांसाठी आहे किंवा सिटिझन असल्याशिवाय आपल्याला कोण उभं करणार. दोन्ही चूक. तिथे ग्रीन कार्ड विचारत नाहीत, व्हिसाही विचारत नाहीत, आणि तुम्ही भरता त्या टॅक्सवरच ते चालतं, त्यामुळे संकोच बाजूला ठेवून जा एवढंच मला कळकळीने सांगायचंय.

आधी हे ऑफिस काय आहे ते थोडक्यात. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायला सरकारी जमीन दिली, त्यातून लँड-ग्रँट युनिव्हर्सिटी उभ्या राहिल्या. मग १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने ठरवलं की युनिव्हर्सिटीतलं ज्ञान कॉलेजात न येणाऱ्या लोकांपर्यंतही पोचवायचं, आणि त्याचा खर्च केंद्र, राज्य आणि काउंटी तिघांनी मिळून करायचा. आपल्याकडचं कृषी विज्ञान केंद्र डोळ्यासमोर आणा, फक्त इथे शेतीबरोबर स्वयंपाक, आरोग्य आणि मुलांचे उपक्रमसुद्धा त्याच छताखाली. नॉर्थ कॅरोलायनात एनसी स्टेट आणि एनसी ए अँड टी या दोन युनिव्हर्सिटी मिळून हे काम बघतात आणि सगळ्या १०० काउंटीत ऑफिस आहे. चॅटमचं पिट्सबरोला आहे. तुमचं शोधायचं असेल तर काउंटीचं नाव आणि पुढे कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन असं टाईप करा, प्रत्येक काउंटीचं वेगळं पान आणि वेगळं कॅलेंडर असतं.

आता पात्रता. साध्या एका दिवसाच्या वर्कशॉपला, म्हणजे टोमॅटोची रोगराई, मधमाश्या, छाटणी, घरी कॅनिंग (पदार्थ बरण्यांत हवाबंद करून टिकवणं) वगैरे, बहुतेक वेळा नाव, फोन आणि ईमेल एवढंच लागतं. ऑनलाईन फॉर्म असतो नाहीतर फोनवर नाव घेतात. काही फ्री असतात, काहींना साहित्याची थोडी फी असते. फॉर्ममध्ये वंश आणि लिंग विचारलेलं दिसेल तेव्हा दचकू नका, केंद्राचा पैसा लागतो म्हणून कोणाकोणापर्यंत पोचलो याचा हिशोब त्यांना ठेवावा लागतो, ते भरणं ऐच्छिक असतं. मी म्हणेन भरा, कारण आपली माणसं येतात हे त्यांच्या कागदावर दिसलं पाहिजे. भाषेची किंवा ऐकण्या-चालण्याची काही अडचण असेल तर तेही नोंदणीच्या वेळीच सांगा, सोय करायला त्यांना थोडे दिवस आधी कळावं लागतं.

आईबाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांना नेऊ का असं नेहमी विचारतात. व्हिजिटर व्हिसावर पदवीचं क्रेडिट नसलेला, हौसेखातरचा छोटा कोर्स चालतो, आणि दोन तासांचं बागकामाचं वर्कशॉप त्यातच येतं. न्या बिनधास्त, गावाकडे शेती केलेल्या माणसाला तिथे जो आनंद होतो तो मॉलमध्ये फिरून होत नाही.

मुलांसाठी ४-एच, म्हणजे एक्स्टेन्शनचेच मुलांचे क्लब आणि उपक्रम. हे फक्त गाई-बकऱ्या पाळणाऱ्यांचं नाही, रोबोटिक्स, शिवणकाम, फोटोग्राफी, कोंबड्या, घोडे, भाषण सगळं आहे. वय ५ ते १८, त्यात ५ ते ७ ची मुलं क्लोव्हरबड गटात जिथे स्पर्धा नसते. वय १ जानेवारीला किती होतं ते धरतात, त्यामुळे फेब्रुवारीत वाढदिवस असलेल्याचा गट कोणता यावरून गोंधळ होतो तो इथे मिटवा. नावनोंदणी ४-एच ऑनलाईन नावाच्या सिस्टीमवर होते: आधी पालकाच्या ईमेलने एक फॅमिली अकाउंट, त्यात प्रत्येक मुलाची वेगळी प्रोफाईल, मग क्लब आणि प्रोजेक्ट निवडायचा. जन्मतारीख, शाळा आणि इयत्ता, इमर्जन्सीला फोन करायचे नंबर, आरोग्याचा फॉर्म (ॲलर्जी, चालू औषधं), वागणुकीच्या नियमांवर मुलाची आणि पालकाची सही, आणि फोटो वापरायची परवानगी. फोटोला नाही म्हणायचा हक्क आहे, नाही म्हटल्याने प्रवेश अडत नाही. सबमिट केल्यावर काउंटी ऑफिसने अप्रूव्ह करेपर्यंत नोंदणी पूर्ण धरत नाहीत, हे लक्षात ठेवा, कारण लोक सबमिट करून निवांत बसतात. आणि ही नोंदणी दर वर्षी परत करावी लागते.

समर फन आणि कॅम्प वेगळे. उन्हाळ्याचे उपक्रम वसंतात उघडतात आणि चांगले वर्ग लवकर भरतात, म्हणून मार्चपासूनच काउंटीचं पान बघत राहा किंवा ईमेल लिस्टवर नाव द्या. मुक्कामाचा कॅम्प असेल, जसा रीड्सव्हिलच्या बेट्सी-जेफ पेन सेंटरला असतो, तर आरोग्याचा फॉर्म सविस्तर लागतो, लसींची नोंद आणि इन्शुरन्स कार्डाची कॉपी आधीच स्कॅन करून ठेवा. मूल शाकाहारी असेल तर जेवणाच्या रकान्यात नुसतं व्हेजिटेरियन लिहू नका, अंडं चालतं का, जिलेटिन चालतं का ते स्पष्ट लिहा, नाहीतर चार दिवस ब्रेडवर काढावे लागतील बिचाऱ्याला.

मला स्वतःला या सगळ्यात ४-एचचं प्रेझेंटेशन सगळ्यात मोलाचं वाटतं. मूल स्वतःच्या आवडीच्या विषयावर उभं राहून बोलतं, आधी काउंटीत, मग डिस्ट्रिक्टला, मग राज्यपातळीवर. लाजऱ्या मुलांसाठी याहून चांगलं काही मी तरी बघितलेलं नाही, आणि खर्च जवळजवळ नाहीच.

आता मातीची तपासणी, कारण मेथी-कोथिंबीर येत नाही ही तक्रार घरोघरी आहे आणि इथली लाल चिकणमाती बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी असते. याला क्लास लागत नाही, अर्जाचा फॉर्म आणि छोटा खोका एक्स्टेन्शन ऑफिसमध्ये फुकट मिळतो, तपासणी राज्याच्या कृषी खात्याच्या रॅलेच्या लॅबमध्ये होते. एप्रिल ते नोव्हेंबर तपासणी मोफत, डिसेंबर ते मार्च गर्दीचा सीझन म्हणून सॅम्पलमागे ४ डॉलर. मग उगाच फेब्रुवारीत धावपळ कशाला करायची, शरद ऋतूतच पाठवा, चुना टाकायचा सल्ला आला तरी त्याला मातीत मुरायला वेळ मिळतो. एका वाफ्यातून १५-२० ठिकाणची माती घ्यायची, भाजीसाठी साधारण ६ ते ८ इंच खोल, लॉनसाठी ४ इंच, आणि प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायची. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा पितळेचं हत्यार वापरू नका, त्याने जस्त-तांब्याचे आकडे बिघडतात. खोक्यावरचं नाव-पत्ता आणि फॉर्मवरचं नाव-पत्ता सारखं हवं, पिकाचा कोडही भरायचा असतो, तो कोड बघूनच खताचा सल्ला देतात, रिकामा ठेवलात तर नुसते आकडे हातात येतात. रिपोर्ट ऑनलाईन येतो आणि नाही कळला तर तोच कागद घेऊन एजंटकडे (एक्स्टेन्शन ऑफिसातल्या त्या विषयाच्या जाणकाराकडे) जा, समजावून सांगणं हे त्यांचं कामच आहे.

बागकामात खोल जायचं असेल तर मास्टर गार्डनर, म्हणजे शिकून स्वयंसेवक म्हणून इतरांना बागकाम सांगणारे. हा कार्यक्रम १९७२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात सुरू झाला आणि आता देशभर आहे. इथे मात्र खरोखर अर्ज आहे, नुसती नोंदणी नाही: फॉर्म, का यायचंय ते थोडक्यात, बऱ्याच काउंटीत छोटी मुलाखत, फी, आणि बॅकग्राऊंड चेकला संमती. नॉर्थ कॅरोलायनात साधारण ४० तासांचं शिक्षण आणि त्यानंतर ४० तासांची सेवा असं धरून चाला. म्हणजे हा फुकटचा कोर्स नाही, शिकून परत लोकांना शिकवायची तयारी आहे का हे ते बघतात, आणि मुलाखतीत तेच मनापासून सांगा. बॅच दर वर्षी निघेलच असं नाही, त्यामुळे इंटरेस्ट लिस्टवर आधीच नाव घाला. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर बॅकग्राऊंड चेक कसा करणार ते कोऑर्डिनेटरला फॉर्म भरण्याआधी विचारा, नंतर नको.

एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मैत्रिणींसाठी खास सांगते. बिनपगारी, स्वेच्छेची सेवा आणि कमाईचं काम यात फरक आहे. मास्टर गार्डनरची सेवा पहिल्या प्रकारात बसते, तरी मनात शंका असेल तर आपल्या वकिलाला एक ईमेल टाका. पण घरचे लाडू-चिवडा विकणं म्हणजे स्वतःचा धंदा, वर्क परमिट नसेल तर ते नाही चालत, कितीही छोटं असलं तरी. फेसबुक ग्रुपवर सगळे करतात म्हणून आपण केलं असं करू नका.

ज्यांच्याकडे वर्क परमिट आहे आणि घरचे पदार्थ विकायचेत त्यांनी आधी एक्स्टेन्शनच्या फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्स एजंटशी बोलावं, परवानगी देणारं खातं वेगळं आहे (राज्याचं कृषी खातं) पण वाट हेच दाखवतात. घरच्या किचनची तपासणी होते, तपासणीला पैसे नाहीत. अर्जात पदार्थांची यादी, साहित्य कुठून घेता, लेबल कसं असेल हे द्यायचं. पाणी शहराचं असेल तर पाण्याचं बिल, आणि गावाकडे बहुतेकांची विहीर असते तर तिच्या पाण्याचा जिवाणू तपासणीचा ताजा रिपोर्ट. घरात कुत्रा-मांजर असेल तर विषय तिथेच संपतो, फक्त रात्री आत घेतो म्हटलं तरी नाही. झोनिंगची परवानगी काउंटीकडून घ्यावी लागते आणि सोसायटीचे नियम असतील तर तेही बघा. लाडू, शंकरपाळी, चिवडा असं कोरडं टिकाऊ चालतं, फ्रीजमध्ये ठेवावं लागणारं श्रीखंड-बासुंदी नाही चालत. लोणच्याची गोष्ट वेगळी, त्याची आम्लता तपासून घ्यावी लागते आणि आम्लयुक्त पदार्थांचा कोर्स करावा लागतो, एनसी स्टेट तो घेतं. वेळ लागतो, पण बोट्युलिझमचा (नीट न टिकवलेल्या अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा) धोका खरा आहे, त्यामुळे हा नियम मला अजिबात जाचक वाटत नाही. स्वतःच्या घरापुरतं कॅनिंग करत असाल तरी प्रेशर कॅनरचं काट्याचं गेज बऱ्याच ऑफिसात तपासून देतात, फोन करून झाकण घेऊन जा.

आरोग्याच्या वर्गांमध्ये एकच सविस्तर सांगते कारण आपल्याकडे डायबेटिस घराघरात आहे. ईट स्मार्ट मूव्ह मोअर प्रिव्हेंट डायबेटिस हा एनसी स्टेटचा ऑनलाईन कार्यक्रम आहे, वर्षभर चालतो, शिकवणारी व्यक्ती समोर लाईव्ह असते. तो सीडीसीच्या (केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेच्या) राष्ट्रीय कार्यक्रमात बसतो, त्यामुळे पात्रताही तिथलीच: वय १८ च्या वर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ किंवा जास्त, पण आशियाई वंशाच्या लोकांसाठी २३. ही २३ ची अट नीट वाचा, कारण मी तर बारीक आहे असं म्हणून आपली माणसं अर्जच करत नाहीत. त्यासोबत ए-वन-सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ५.७ ते ६.४, किंवा उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा गरोदरपणात डायबेटिस झालेला असणं, किंवा ऑनलाईन रिस्क टेस्टमध्ये जास्त गुण. टाईप १ किंवा टाईप २ आधीच निघालेला असेल किंवा सध्या गरोदर असाल तर हा कार्यक्रम नाही, डायबेटिस असणाऱ्यांसाठी वेगळे वर्ग असतात ते विचारा. गेल्या वर्षभरातला लॅब रिपोर्ट हाताशी ठेवा, इन्शुरन्स किंवा कंपनी फी भरते का ते आधी विचारा, आणि दर आठवड्याची वेळ पाळता येईल तेव्हाच नाव द्या.

कमी उत्पन्न आणि घरात मुलं असतील तर ईएफनेप नावाचा १९६९ पासून चालणारा पोषणाचा कार्यक्रम मोफत आहे. सगळ्या काउंटीत नाही, विचारून बघा.

ज्यांनी जमीन घेतलीये त्यांच्यासाठी एक. शेतजमिनीवरच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या सवलतीचा अर्ज एक्स्टेन्शनकडे नसतो, काउंटीच्या टॅक्स ऑफिसकडे असतो, पण कुठल्या गटात बसतो ते एजंट समजावतात: फळं-भाज्या ५ एकर, इतर शेती १० एकर, जंगल २० एकर, आणि पहिल्या दोन्हीत तीन वर्षांच्या सरासरीने वर्षाला किमान १००० डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं. जंगलाला त्याऐवजी व्यवस्थापनाचा लेखी प्लॅन. अर्ज जानेवारीत. आधीच्या मालकाला सवलत होती आणि ती पुढे चालू ठेवायची असेल तर जमीन नावावर झाल्यापासून ६० दिवसांत अर्ज करा, ही तारीख क्लोजिंगच्या गडबडीत हमखास निसटते. तेव्हा पावत्यांची फाईल पहिल्या दिवसापासून ठेवा, फार्मर्स मार्केटला विकलेल्या भेंडीचीसुद्धा.