डेल मारला रेसला येताय? खिडकीवर जायच्या आधी हे वाचा

डेल मार म्हणजे कॅलिफोर्नियातला समुद्रकाठचा घोड्यांच्या रेसचा ट्रॅक, आणि खिडकी म्हणजे पैसे लावायची. आमच्या गाडीतून डेल मारला येणारे बरेच जण बसल्या बसल्या विचारतात, आज कुठला घोडा लागणार? अहो ते माहीत असतं तर आम्ही गाडी चालवली असती का. पण पैसे कसे जातात ते चांगलंच माहितीय, म्हणून हा कागद.

इथे बुकी नाही. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, त्यातून आधी कट काढतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. विन (घोडा पहिला), प्लेस (पहिला किंवा दुसरा), शो (पहिल्या तिनात) वर कट 15.43 टक्के, एक्झॅक्टा (पहिले दोन, क्रमाने) आणि ट्रायफेक्टाला (पहिले तीन, क्रमाने) 22 च्याही पुढे. म्हणजे तुमची खरी लढत ट्रॅकशी नाहीच, शेजारच्या माणसाशी आहे, आणि ओपनिंग डेला, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवशी तर मोठमोठ्या हॅट घालून नाव आवडलं म्हणून पैसे लावणारे एवढे असतात की भाव, म्हणजे जिंकल्यावर किती मिळणार तो आकडा, कुठल्या कुठे जातात. आमच्या मते ज्याने थोडा अभ्यास केलाय त्याच्यासाठी हाच दिवस चांगला.

बोर्डवर 5-2 (म्हणजे 2 ला 5 नफा) दिसलं तर 2 डॉलरवर हातात 7 येतात, त्यात तुमचे 2 धरून. पण तिकीट काढताना दिसला तोच भाव मिळेल असं नाही, गेट उघडेपर्यंत तो हलत असतो. कार्डवर (दिवसाच्या रेसच्या यादीवर) छापलेली मॉर्निंग लाइन म्हणजे तर भावाचा निव्वळ ट्रॅकच्या माणसाचा अंदाज.

बॉक्स तिकिटात, म्हणजे निवडलेले घोडे कुठल्याही क्रमाने आले तरी चालतात त्यात, लोक सगळ्यात जास्त फसतात. तीन घोड्यांचा 1 डॉलरचा एक्झॅक्टा बॉक्स म्हणजे 6 जोड्या, 6 डॉलर. चार घोड्यांचा ट्रायफेक्टा बॉक्स म्हणजे 24 कॉम्बिनेशन, 50 सेंटने 12 डॉलर, आणि त्यात फेव्हरेट (ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो) पहिला आला तर बऱ्याचदा घातले तेवढेही परत येत नाहीत. एकाच घोड्यावर ठाम असाल तर सरळ विन घ्या.

समुद्राचं म्हणाल तर सकाळी पॅसिफिकवरून ढग येतात आणि दुपारी ऊन पडतं, बाकी उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच, चिखलाचा हिशोब डोक्यातून काढा. हिशोब करायचा तो शेवटच्या सरळ पट्ट्याचा, मेन ट्रॅकवर तो फक्त 919 फूट आहे, खूप मागे राहिलेल्या घोड्याला तिथे भरून काढायला जागाच कमी. आणि दोन वर्षांची पहिल्यांदाच पळणारी पिल्लं इथे खूप असतात, त्यांचं रेकॉर्डच नसतं, अशी रेस सोडून द्या, बीचवर एक चक्कर मारून या. सगळ्या रेस खेळायलाच पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

खिडकीवर आधी रेस नंबर सांगा, मग रक्कम, मग प्रकार, मग घोड्याचा नंबर (नाव नाही), आणि तिथेच तिकीट वाचून घ्या.

रेस संपली की रागाने तिकीट फाडू नका. 1938 ला इथेच सीबिस्किट आणि लिगारोटी या घोड्यांच्या रेसमध्ये दोन्ही जॉकी शेवटपर्यंत एकमेकांना ओढत होते, सीबिस्किट नाकाएवढ्या फरकाने जिंकला, तेव्हा निकाल काही बदलला नाही, पण आता असं झालं तर स्टुअर्ड (रेसचे पंच) पहिल्या घोड्याला खालच्या नंबरावरही टाकतात. बोर्डवर ऑफिशियल (म्हणजे निकाल पक्का) लागेपर्यंत तिकीट खिशातच ठेवा.