एकशेवीस दिवसांचा वारा

नागपूर-अकोल्याकडे मार्च संपता संपता घरोघरी एक काम निघतं. कूलर धुऊनपुसून खिडकीला लावायचा, गेल्या वर्षीच्या क्षारांनी कडक झालेल्या ताट्या फेकायच्या, नवं गवत किंवा वाळा भरायचा. इराणच्या पूर्व टोकाला, अफगाणिस्तानच्या सीमेलगत सीस्तान नावाचा प्रदेश आहे. तिथे हाच कूलर पिढ्यानपिढ्या वापरात होता, फक्त त्याला पंखा नव्हता. घराच्या वाऱ्याकडच्या भिंतीत झरोका ठेवायचा, त्यात जवाशाची काटेरी झुडपं दाबून भरायची आणि वरून पाणी मारत राहायचं. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतली साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, त्यामुळे आत येणारी झुळूक गार. ओल्या काट्यांत थोडीफार धूळही अडकते. याला म्हणतात खारखाना. फारसीत ‘खार’ म्हणजे काटा.

पंख्याची गरज नव्हती, कारण मेअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिथला वारा जवळपास थांबतच नाही. त्याचं नावच ‘बाद-ए-सद-ओ-बिस्त-रोज़े’, म्हणजे एकशेवीस दिवसांचा वारा. त्यातला ‘रोज’ आपल्याकडेही फारसीतूनच आला. आपल्या कालगणनेतल्या ‘शके’चं नातंही इथे पोचतं: सीस्तान हा ‘सकस्तान’चा, म्हणजे शकांच्या भूमीचा अपभ्रंश. ज्यांच्या क्षत्रपांचे शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आहेत, तेच हे शक.

हा वारा येतो कुठून? उन्हाळ्यात दक्षिण इराणपासून पाकिस्तान आणि थरपर्यंतची जमीन भट्टीसारखी तापते आणि तिथे हवेचा दाब उतरतो. उत्तरेला, कॅस्पियन आणि तुर्कमेनिस्तानच्या बाजूला, दाब त्या मानाने जास्त. मग हवा उत्तरेकडून खाली धावते आणि इराण-अफगाण सीमेवरच्या डोंगरांमधल्या पट्ट्यात कोंडून आणखी वेग घेते. गंमत म्हणजे उपखंडाच्या वायव्येचा हाच कमी दाबाचा पट्टा आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनाही ओढून आणतो. जूनमध्ये आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा सीस्तानातली माणसं ते मिटून, तोंडाला फडकं बांधून चाललेली असतात.

या वाऱ्याचा एक मोठा गुण म्हणजे त्याची दिशा. तो येतो तो उत्तर-वायव्येकडूनच. म्हणून घराची नेमकी कोणती भिंत बंद ठेवायची आणि कुठे झरोका काढायचा, हे गवंड्याला आधीच ठाऊक असतं. याच भरवशावर तिथल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल-मसूदी याने सीस्तानचं वर्णन वारा आणि वाळूचा देश असं केलंय आणि तिथे वाऱ्यावर दळणाची जाती फिरतात हेही नोंदवलंय. सीस्तानच्या उत्तरेला खोरासानातल्या नश्तिफान गावात अशा जुन्या चक्क्या अजून उभ्या आहेत. माती, भुसा आणि लाकडाच्या, सुमारे 20 मीटर उंच भिंतींच्या. यांचा आस आडवा नसतो, उभा असतो, आणि खालचं जातं थेट त्यालाच जोडलेलं असतं. दातेरी चाकांची भानगड नाही. पात्यांच्या अर्ध्या भागापुढे भिंत असते, म्हणून वाऱ्याचा रेटा एकाच बाजूला बसतो आणि आस फिरतो. वारा रोज दिशा बदलत असता तर या चक्क्या निरुपयोगी ठरल्या असत्या.

आता धूळ. वारा सुटला की धूळ उडते, यात समजायचं काय, असं वाटेल. पण अगदी बारीक धूळ सहजासहजी उडत नाही. रवा आणि मैदा आठवा: रव्याचे दाणे सुटे, मैद्याचे कण एकमेकांना धरून बसलेले. राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात भटकून आणि वातबोगद्यात प्रयोग करून ही गोष्ट नीट मांडली. त्याचं पुस्तक 1941 साली आलं. सर्वांत आधी हलतात ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे वाळूचे कण. ते उड्या मारत जातात, बहुतेक उड्या गुडघ्याच्या आतबाहेर. प्रत्येक उडी जमिनीवर आदळते तेव्हा तिथला चिकटून बसलेला ‘मैदा’ उखडतो, आणि तो एकदा वर गेला की कित्येक दिवस खाली येत नाही. जानेवारी 2022 मध्ये मुंबई-पुण्यातल्या गाड्यांवर जी पांढुरकी भुकटी बसली, ती अशीच, पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून आलेली.

सीस्तानात हा मैदा आला कुठून, याचं उत्तर पाण्यात आहे. हिंदुकुशात उगम पावणारी हेलमंद नदी समुद्राला मिळत नाही, ती सीस्तानच्या हामून या उथळ सरोवरांत संपते. 1976 च्या उपग्रहचित्रात हामूनचा पसारा सुमारे 4,000 चौरस किलोमीटर होता. बोरूच्या तराफ्यांवरून मासेमारी चाले, गुरं बोरूत चरत. झाबोल शहराकडे येणारा वारा या पाण्यावरून यायचा. म्हणजे हामून हाच एक अवाढव्य खारखाना होता म्हणा ना. 1999 पासून सलग दुष्काळ पडला. वरच्या अंगाला धरणं आणि पाटाचं पाणी होतंच. 2001 च्या चित्रात सरोवर जवळपास नाहीसं झालेलं दिसतं. मागे उरला नदीने हजारो वर्षं आणून टाकलेला बारीक गाळ आणि मीठ.

2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत झाबोल जगात पहिलं आलं: वर्षाची सरासरी घनमीटरला 217 मायक्रोग्रॅम. दिल्लीचा आकडा तेव्हा 122 होता. वाचताना मला कारखाने आणि वाहनांची गर्दी डोळ्यांसमोर आली होती, पण झाबोलच्या हवेत मुख्य भर होती ती सरोवराच्या तळाची.

हेलमंदच्या पाण्यावरून इराण आणि अफगाणिस्तानात 1973 साली करार झाला. त्यात इराणच्या वाट्याला सेकंदाला 26 घनमीटर पाणी आहे, आणि त्यावरून अजूनही तंटे होतात. मधूनच एखाद्या वर्षी हिंदुकुशात भरपूर बर्फ पडतं, पुराचं पाणी हामूनच्या तळावर पसरतं आणि बोरू पुन्हा फुटतो. वारा त्याही वर्षी तेवढाच असतो, पण ओल्या गाळातून त्याला उचलण्यासारखं फारसं काही सापडत नाही.